शासकीय इतमाम आणि धर्मगुरू: तुम्हाला काय वाटतं?

कृष्णाकाठ
गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका मठाचे वयोवृद्ध स्वामीजी गेले. माझं माहेर मठापासून हाकेच्या अंतरावर. शाळा सुटली की मठाच्या पडवीत पंगतीला बसून आम्ही आमटी-भात जेवलेलो, त्यामुळे अंत्यदर्शनाला गेलेच. लिंगायत रीतीप्रमाणे देह बसवलेला होता. कपाळावर विभूती, गळ्यात रुद्राक्ष, अंगावर भगवी कफनी आणि मांडीवर पसरलेला तिरंगा. समोर पोलिसांची तुकडी. पहिली फैर झडली तशी शिखरावरची कबुतरं एकदम उठली आणि बायामाणसांनी हात जोडले. माझेही डोळे भरून आले.

घरी आल्यावर मात्र एक प्रश्न काही केल्या मनातून जाईना. सरकारने सलामी कोणाला दिली? गरिबांच्या पोरांना शिकवणाऱ्या माणसाला, की एका पीठाच्या प्रमुखाला? पहिल्याला दिली असेल तर माझी काही तक्रार नाही. दुसऱ्याला दिली असेल तर ती चूक आहे असं माझं ठाम मत आहे. सरकार सगळ्यांचं, आणि पीठ त्याच्या भक्तांचं.

हे आपल्याकडे नवीन नाही. १९९७ मध्ये कोलकात्यात मदर तेरेसांचा देह ज्या तोफगाड्यावरून नेला, त्याच गाड्यावरून आधी गांधीजींना आणि नेहरूंना नेलं होतं. २०११ मध्ये पुट्टपर्तीला सत्य साईबाबा, २०१४ मध्ये मुंबईत बोहरा समाजाचे सय्यदना बुऱ्हानुद्दीन, २०१९ मध्ये तुमकुरूचे शिवकुमार स्वामी आणि त्याच वर्षाअखेर पेजावर मठाचे विश्वेशतीर्थ. सगळ्यांना शासकीय इतमाम मिळाला. म्हणजे कुठल्या एका धर्माचे लाड होतात असं नाही. मग सगळ्यांना दिलं की ते निधर्मी होतं का? की कोणालाच न देणं म्हणजे निधर्मी?

पाटावरचं पाणी
स्पष्टच सांगतो. ज्याच्या मागे लाखभर माणसं, त्याला इतमाम. बाकी कारणं नंतर शोधली जातात.

सीमाभाग
पाटावरचं पाणी, एवढं झटकन निकालात काढू नका. मी सोलापूरचा, सासर विजयपूरचं, त्यामुळे या विषयाशी माझा जवळचा संबंध आहे.

शिवकुमार स्वामी २१ जानेवारी २०१९ ला गेले, वय १११. त्यांच्या सिद्धगंगा मठात हजारो मुलं राहून-जेवून शिकतात, फी नाही, जात विचारत नाहीत. स्वामीजींनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणतात की मी गेल्याची बातमी पोरांची जेवणं उरकेपर्यंत बाहेर सांगायची नाही. आणि खरंच ती दुपारच्या पंगतीनंतर जाहीर झाली. मला सांगा, कुठल्या शिक्षणमंत्र्याने एवढी पोरं जेवू घातली? माजी मंत्री गेला की सलामी मिळते, त्यावर कोणी धागा काढत नाही. मग जे काम सरकारने करायला हवं होतं ते ज्याने ८० वर्षं केलं, त्याला तीन फैरी दिल्या तर तुमच्या घटनेला धक्का लागतो?

ते भगव्या कपड्यात होते एवढ्यावरून नाही म्हणायचं, हाही धर्मावरून केलेला भेदभावच झाला.

कृष्णाकाठ
@सीमाभाग, शेवटचं वाक्य पटलं. कपड्यांवरून नाही म्हणू नये. पण कपड्यांवरून हो पण म्हणू नये. आमच्या मठात एक स्वयंपाकी होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. चाळीस वर्षं रोज पहाटे चारला उठून चुलवण पेटवायचे. पोरं जेवली ती त्यांच्या हातचं. ते गेले तेव्हा तलाठीसुद्धा आला नव्हता. काम पाहून मान द्यायचा तर अण्णांचं नाव यादीत कुठेतरी यायला नको होतं का?

उंबरठा
अण्णांचं वाचून गलबलून आलं.

कलमदान
मी वकिली करते, कायद्याची बाजू थोडक्यात मांडते.

राज्यघटनेत शासकीय अंत्यसंस्काराबद्दल एक ओळही नाही. कोणाला द्यायचे, हे सांगणारा वेगळा कायदाही नाही. पदावरचे किंवा माजी राष्ट्रपती, पंतप्रधान यांच्यासाठी केंद्राच्या सूचना आहेत. राज्यात मात्र बाकीच्यांचा निर्णय बहुतांशी मुख्यमंत्र्यांच्या मर्जीवर असतो. २०१८ मध्ये श्रीदेवींच्या पार्थिवावर तिरंगा पाहून अनेकांना प्रश्न पडला होता. तेव्हा माहितीच्या अधिकारात जे उत्तर मिळालं त्याचा अर्थ एवढाच होता की हा मुख्यमंत्र्यांचा अधिकार.

आता कलम २७. एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर भरायची सक्ती कोणावर करता येत नाही. पण हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली म्हटलं की कराचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी वापरला गेला तरच या कलमाचा भंग होतो. काही पोलीस आणि थोडी काडतुसं एवढ्या खर्चाने हा निकष पूर्ण होणार नाही. त्यामुळे 'हे घटनाबाह्य आहे' असं कोर्टात सिद्ध करणं फार कठीण.

पण जे घटनाबाह्य नाही ते सगळं योग्यच असतं असं नाही. सय्यदनांनंतर वारस कोण यावरून लगेच वाद उभा राहिला, मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल झाला आणि निकाल लागायला एप्रिल २०२४ उजाडलं. दहा वर्षं! आता कल्पना करा, कुठल्याही पीठात असा वाद धुमसतोय, आणि अंत्यविधीनंतर घडी केलेला तिरंगा अधिकाऱ्याला कोणाच्या तरी हातात द्यायचाय. ज्याच्या हातात दिला, त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात. गादीच्या भांडणात सरकारने न बोलता बाजू घेतली असंच लोक समजणार. मला सगळ्यात मोठा धोका हा वाटतो, आणि यावर फारशी चर्चा होत नाही.

माझगाव डॉक
कलमदान ताई, सय्यदनांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमच्या इमारतीत तीन बोहरा कुटुंबं. १७ जानेवारी २०१४ ला बातमी आली तेव्हा समोरच्या चाची दारातच बसून राहिल्या, त्यांच्या घरी चूल पेटली नाही. आईने खिचडी नेऊन दिली. त्या रात्री मलबार हिलला अंत्यदर्शनाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन १८ माणसं गेली.

म्हणून माझं मत थोडं वेगळं आहे. लाखो माणसं रस्त्यावर येणार असतील तर सरकारने यायलाच हवं. रस्ते बंद करा, बॅरिकेड लावा, पाणी द्या, रुग्णवाहिका उभ्या करा, जास्तीच्या गाड्या सोडा. एवढं केलं की सरकारचं काम झालं. सलामीने चाचींचं दुःख हलकं झालं नाही. गर्दीचा नीट बंदोबस्त झाला असता तर १८ घरं वाचली असती.

सीमाभाग
दादा, हे शंभर टक्के मान्य. पण बंदोबस्त आणि सलामी यातलं एकच निवडा असं कोणी म्हटलंय?

हवालदारकाका
नमस्कार मंडळी. पोलीस मुख्यालयात तीस वर्षं काढली, त्यातली बरीच सलामी पथकात. प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो, कारण टीव्हीवर धूर तेवढा दिसतो.

वरून निरोप येतो, कधी रात्री अकराला. आरपीआय साहेब, म्हणजे राखीव पोलीस निरीक्षक, पथक निवडतात, उंची सारखी बघून. थ्री नॉट थ्री रायफली घासूनपुसून घ्यायच्या, ब्लँक राऊंड (नुसता आवाज करणारी, गोळी नसलेली काडतुसं) मोजून सही करून घ्यायचे. जागेवर पोहोचल्यावर आधी 'सलामी शस्त्र', मग 'शोक शस्त्र'. शोक शस्त्रला रायफल उलटी, नळी बुटाच्या टोकावर, मान खाली. मग तीन फैरी आणि बिगुल. त्या बिगुलाच्या वेळी आजवर एकदाही माझे डोळे कोरडे राहिले नाहीत, मेलेला माणूस ओळखीचा असो नसो.

झेंड्याचे नियम कडक. भगवा पट्टा डोक्याकडे. झेंडा सरणावर जळता कामा नये, खड्ड्यात उतरता कामा नये, त्याआधी काढून घडी घालायची. आता नियम लिहिलाय तो तिरडी किंवा शवपेटी धरून. देह बसवलेला असला तर काय करायचं? एकदा एका मठात आम्ही अर्धा तास यावर घालवला. खांद्यावरून टाकला तर शाल पांघरल्यासारखं दिसतं, मांडीवर ठेवला तर खाली लोंबतो. शेवटी मठाच्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी खाली पाट सरकवला आणि झेंडा जमिनीला टेकला नाही.

पाटावरचं पाणी
काका, असं अजून लिहा. आणि बिहारमध्ये २०१९ साली माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रांच्या अंत्यविधीच्या वेळी २२ रायफलींपैकी एकही उडाली नाही, ते खरं का?

हवालदारकाका
खरं आहे, सगळ्या देशाने पाहिलं. पथकातल्या पोरांच्या जिवाचं काय झालं असेल ते मला विचारा. जुनी काडतुसं दमट जागी राहिली की दगा देतात.

नारळीबाग
मी बारा वर्षं कोचीत आहे. इकडे २०२२ च्या मार्चमध्ये पाणक्काडचे हैदरअली शिहाब तंगळ गेले, त्यांना शासकीय इतमाम मिळाला. पण ते धर्मगुरू होते तसेच मुस्लीम लीगचे प्रदेशाध्यक्षही होते. सलामी नक्की कोणत्या नात्याने? दोन्हीत भेद करताच येत नाही, आणि केरळमध्ये कोणाला तो करायची गरजही वाटत नाही.

मला मात्र जास्त लक्षात राहिलं ते २०२३ मधलं. माजी मुख्यमंत्री ओमन चांडी गेले. त्यांना सलामीचा पूर्ण हक्क, कोणीच हरकत घेतली नसती. पण त्यांची इच्छा होती म्हणून घरच्यांनी शासकीय इतमाम नको असं सरकारला कळवलं. तिरुवनंतपुरमहून कोट्टायमला जायला एरवी चारेक तास लागतात, त्या दिवशी गाडीला एक दिवसाहून जास्त लागला. रात्री दोन-तीनला माणसं मेणबत्त्या घेऊन रस्त्याकडेला उभी होती. एकही बंदूक न उडवता.

सीमाभाग
नारळीबाग, असंच आमच्याकडेही झालं, म्हणजे निम्मं. विजयपूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामी, २ जानेवारी २०२३. यांच्या सदऱ्याला खिसा नसायचा. पद्मश्री जाहीर झाली ती त्यांनी नम्रपणे नाकारली. आधीच लिहून ठेवलं होतं की मला पुरू नका, दहन करा, राख पाण्यात सोडा, स्मारक बांधू नका. सोलापूर-सांगलीकडे त्यांची प्रवचनं मराठीतही व्हायची, माझी आजी पहिल्या रांगेत जागा धरायला पहाटे जायची.

इच्छेप्रमाणे दहनच झालं. पण सरकारी सलामीही झाली. हे लिहिताना पहिल्यांदाच मनात येतंय की ज्यांनी हयातीत पद्मश्री घेतली नाही, त्यांना विचारलं असतं तर ते याला हो म्हणाले असते का? माझी बाजू थोडी सैल झाली हे कबूल करतो.

खापर
याच मुद्द्यावर गाडगेबाबा आठवले. जिथे मरण येईल तिथेच विधी उरका, समाधी नको, मूर्ती नको, मंदिर नको, हे त्यांनी बजावून ठेवलं होतं. १९५६ च्या २० डिसेंबरला अमरावतीजवळ गाडीत प्राण गेला. आज त्यांचं नाव काढलं की विदर्भातला माणूस हात जोडतो, सलामी झाली होती की नाही कोणी विचारत नाही.

तिन्हीसांजा
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मी कोणत्या बाजूची ते शेवटी सांगते.

माझे वडील हैदराबाद मुक्तिसंग्रामातले. निजामाच्या तुरुंगात होते, त्यांची एक करंगळी वाकडी राहिली ती तिथलीच. मराठवाड्यातल्या आमच्या गावी गेले तेव्हा स्वातंत्र्यसैनिक म्हणून सलामी मिळणार असं कळवलं गेलं. सकाळी दहाची वेळ. पाऊस होता. बारा वाजले, दोन वाजले. भावकीतले म्हणायला लागले, उरकून घेऊ. आईने हलू दिलं नाही. म्हणाली, "आयुष्यभर सरकारकडं एक रुपाया मागितला नाही त्यांनी. येवढं एक येऊ दे." साडेचारला जीप आली. चौघे पोलीस, त्यातल्या एकाचा गणवेश चिखलाने भरलेला, ओढ्यावर गाडी अडकली होती म्हणे. साहेब आलेच नाहीत. त्यांच्या कचेरीतून नंतर फोन आला की एका मोठ्या महाराजांच्या कार्यक्रमाचा बंदोबस्त होता.

पण त्या चौघांनी तीन फैरी दिल्या. आई ओट्याच्या खांबाला धरून उभी होती, प्रत्येक फैरीला तिची मान थोडी वर व्हायची. नंतर सोळा वर्षं ती त्या आवाजाबद्दल बोलत राहिली.

म्हणून मला ही सलामी बंद करा असं म्हणवत नाही, आणि ती कोणालाही द्या असंही म्हणवत नाही. आईने सहा तास पावसात थांबून ती कमावली.

उंबरठा
ताई 🙏

हवालदारकाका
तिन्हीसांजा ताई, ते चौघे मी नव्हे, पण पथकाच्या वतीने माफी मागतो.

सेन काठ
पॅरिसहून लिहितोय. फ्रान्सइतका कडक निधर्मी देश क्वचितच असेल. १९०५ च्या कायद्याने राज्य आणि चर्च वेगळं केलं, सरकारी शाळांत ठळक धार्मिक खुणांना बंदी. तरीही २००७ च्या जानेवारीत आबे पिएर गेले तेव्हा नोत्र दाममध्ये राष्ट्राची मानवंदना झाली, राष्ट्राध्यक्ष शिराक हजर होते. आबे पिएर म्हणजे कॅथलिक पाद्री, पण बेघरांसाठी आयुष्य घातलेला माणूस. सीमाभाग म्हणतात तसंच, काम पाहून मान. तेव्हा मी विद्यार्थी होतो, चौकात उभा राहून पाहिलं आणि मलाही ते योग्यच वाटलं होतं.

२०२४ च्या जुलैमध्ये त्यांच्याच संस्थेने अहवाल प्रसिद्ध केला, त्यात अनेक स्त्रियांनी केलेले लैंगिक अत्याचाराचे आरोप होते. पुढे तक्रारींची संख्या वाढत गेली. शाळा-रस्त्यांची नावं बदलायला सुरुवात झाली. पण मानवंदना परत घेता येत नाही.

आपल्या कुठल्याही स्वामींवर मी बोट दाखवत नाही, कृपया तसा अर्थ काढू नका. मुद्दा वेळेचा आहे. माणूस गेल्यापासून चोवीस तासांत सरकार ठरवतं, आणि त्या चोवीस तासांत कोणीही 'थांबा, माझं ऐका' म्हणू शकत नाही. गुरूबद्दल तर मुळीच नाही.

कलमदान
@सेन काठ, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. लंडनचं उदाहरण जोडते. तिकडे चर्च अधिकृतच सरकारी, तरी आर्चबिशपला शासकीय अंत्यसंस्कार मिळत नाहीत. राजा-राणीखेरीज फारच थोड्यांना मिळाले. १९६५ चे चर्चिल हे ठळक उदाहरण. डायनांचेही औपचारिकदृष्ट्या 'शासकीय' नव्हते. मान दुर्मीळ ठेवला की वाद कमी होतात.

पाटावरचं पाणी
मग पोप? २०२५ च्या एप्रिलमध्ये आपण तीन दिवस दुखवटा पाळला ना?

कलमदान
पोप व्हॅटिकन या राष्ट्राचे प्रमुखही असतात, त्यामुळे तो दुखवटा परराष्ट्र शिष्टाचारात बसतो. २००५ मध्येही पाळला होता. इथे नियम शोधावा लागत नाही.

नवी पेठ
एक वेगळी आठवण. सिंधुताई सपकाळ, जानेवारी २०२२. पुण्यात ठोसर पागेत महानुभाव पंथाच्या रीतीने दफन झालं, आणि शासकीय इतमामही. मी तिथे होते. माईंच्या मुली, नातवंडं, अनाथाश्रमातली पोरं, सगळी एकमेकांना धरून. पंथाचे लोक त्यांचं काम करत होते, पोलीस त्यांचं. कोणाला अडचण झाली नाही. धर्माची रीत आणि सरकारचा मान शेजारी उभे राहू शकतात, फक्त मान कोणत्या नात्याने आहे हे स्पष्ट हवं. माईंच्या बाबतीत ते लहान पोरालाही कळत होतं.

कृष्णाकाठ
धागा एवढा चालेल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाकडे येते, कारण मलाही उत्तर हवं होतं.

मी सुरुवातीपेक्षा थोडी हलले आहे. धर्मगुरू असणं ही अपात्रता धरू नये, हे सीमाभागांचं मान्य. पण पात्रताही धरू नये. सरकारने निर्णय जाहीर करताना नावापुढे कारण लिहावं: शाळा चालवल्या, दुष्काळात छावणी काढली, रोग्यांची सेवा केली. दोन ओळी. 'अमुक पीठाचे प्रमुख' याच्या पलीकडे जर लिहायला काही सुचत नसेल तर सलामी नको, बंदोबस्त चोख द्या. आणि माणसाने स्वतः नको म्हणून ठेवलं असेल तर भक्तांचं न ऐकता त्याचं ऐकावं. घडी केलेला झेंडा वारसाच्या हातात न देता पथकाने परत न्यावा, कलमदान ताईंचा तो मुद्दा मला सगळ्यात पटला. या चार-दोन गोष्टी लिहून काढून मी राजशिष्टाचार विभागाला पाठवणार आहे, ज्यांना सही करायची असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

काका, तुम्ही सगळं सांगितलंत पण स्वतःचं मत सांगितलं नाहीत.

हवालदारकाका
ताई, मत विचारलंत म्हणून एक सांगतो.

फैरी झाल्या की रिकाम्या पुंगळ्या गोळा करून मोजाव्या लागतात. जेवढे राऊंड घेतले तेवढ्या पुंगळ्या जमा, नाहीतर चौकशी. त्या पाटावाल्या मठात एक कमी भरली. अंधार पडत आला होता. बॅटरी घेऊन गवत चाळलं, बूट झाडून पाहिले. नवा शिपाई होता, तो रडकुंडीला आला. तेवढ्यात एका पोरानं सांगितलं, आजीनं नेली.

घर मागच्याच गल्लीत होतं. देव्हाऱ्यात स्वामींचा फोटो, त्याच्यापुढे आमची पुंगळी, हळदकुंकू वाहिलेली, वर एक झेंडूचं फूल. म्हातारीला वाटलं, स्वामींचा प्रसाद. तिला कसं सांगायचं की हा मुख्यालयाच्या शस्त्रागारातला माल आहे. मी टोपी काढून बसलो, पाणी प्यालो, मग सांगितलं की आजी, हे सरकारचं आहे, परत न्यावं लागतं. ती म्हणाली, "मग आणलंत कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. तिनं पुंगळी कपाळाला लावली, पदरानं कुंकू पुसलं आणि माझ्या हातावर ठेवली. शस्त्रागारात जमा केली तेव्हाही तिच्या कडेला थोडं कुंकू राहिलं होतं.

कृष्णाकाठ ताई, माझी सही धरा.